स्क्रिप्ट दुसऱ्यांदा चालवून पाहा : वैयक्तिक कॉन्फिगरेशन फाइलींच्या व्यवस्थापनाची समीक्षा



तुमच्यापैकी अनेकांना आज दोन-तीन संगणकांवर काम करावे लागते. वसतिगृहाच्या खोलीत स्वतःचा लॅपटॉप, महाविद्यालयात प्रयोगशाळेतला संगणक आणि प्रकल्प सुरू झाला की दूर कुठेतरी असलेला सर्व्हर. दरवेळी नव्या ठिकाणी टर्मिनल उघडले की तोच अनुभव येतो. लॅपटॉपवर हाताला बसलेले शॉर्टकट तिथे चालत नाहीत, एडिटरमधला टॅब चारऐवजी आठ जागांचा असतो, गिटला तुमचे नाव ठाऊक नसते. यावरचा रूढ उपाय असा: आपल्या सेटिंग्जच्या फाइली एका रिपॉझिटरीत ठेवायच्या आणि एका छोट्या स्क्रिप्टने त्या प्रत्येक संगणकावर बसवायच्या.

ही पद्धत कशी वापरावी हे सांगणारे धडे भरपूर आहेत. या पाठात आपण ती कितपत चांगली आहे हे तपासणार आहोत. माझे म्हणणे सुरुवातीलाच सांगतो. अशी स्क्रिप्ट पहिल्यांदा चालवली की जवळजवळ नेहमीच यशस्वी होते, म्हणून त्यावरून तिची पारख करू नये. तीच स्क्रिप्ट त्याच संगणकावर दुसऱ्यांदा चालवल्यावर काय होते, यावरून करावी.

(कमांड, पर्याय आणि फाइलींची नावे इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलवर ती रोमन अक्षरांत टंकावीत.)

१. डॉटफाइल म्हणजे काय

युनिक्स आणि लिनक्सवर बहुतेक प्रोग्राम आपल्या सेटिंग्ज वापरकर्त्याच्या होम डिरेक्टरीत साध्या मजकुराच्या फाइलीत ठेवतात. बॅश शेलची ‘.बॅशआरसी’, व्हिम एडिटरची ‘.व्हिमआरसी’, गिटची ‘.गिटकॉन्फिग’ ही ओळखीची नावे. नावाची सुरुवात टिंबाने होते, म्हणून त्यांना डॉटफाइल म्हणतात. ‘एलएस’ कमांड त्या दाखवत नाही. त्यामुळे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला अशा फाइली आहेत हेच पुष्कळदा माहीत नसते.

त्या लपलेल्या का असतात, याचा इतिहास उद्बोधक आहे. युनिक्सच्या मूळ गटात काम केलेले रॉब पाइक यांनी 2012 मध्ये तो लिहिला. प्रत्येक डिरेक्टरीत ‘.’ आणि ‘..’ या दोन नोंदी असतात. त्या यादीत दिसू नयेत म्हणून ‘एलएस’मध्ये एक सोपी तपासणी घातली गेली: नावाचे पहिले अक्षर टिंब असेल तर ते नाव सोडून द्यायचे. त्यामुळे टिंबाने सुरू होणारी इतर नावेही आपोआप लपली, आणि पुढे प्रोग्राम लिहिणाऱ्यांनी याच पळवाटेचा उपयोग करून होम डिरेक्टरीत आपापल्या फाइली टाकायला सुरुवात केली. एका घाईच्या ओळीची पुढे प्रथा झाली. स्क्रिप्ट लिहिताना आपणही अशाच घाईच्या ओळी लिहितो, हे लक्षात ठेवा.

2003 पासून एक्सडीजी बेस डिरेक्टरी हे विनिर्देश उपलब्ध आहे. त्यानुसार सेटिंग्ज ‘.कॉन्फिग’ फोल्डरात, प्रोग्रामचा डेटा ‘.लोकल/शेअर’मध्ये आणि तात्पुरता साठा ‘.कॅश’मध्ये जातो. ही विभागणी आपल्या विषयाला महत्त्वाची आहे. सेटिंग्ज एका संगणकावरून दुसऱ्यावर न्यायच्या असतात, कॅश न्यायची नसते. मात्र अनेक जुने प्रोग्राम अजून सगळे एकत्रच ठेवतात. कोणती फाइल उचलायची आणि कोणती नाही, हा निर्णय म्हणूनच स्क्रिप्टवर सोपवता येत नाही. तो तुम्हालाच घ्यावा लागतो.

२. नेहमीची स्क्रिप्ट आणि तिचे गुण

विद्यार्थी दाखवायला आणतात ती स्क्रिप्ट साधारण अशी असते. होम डिरेक्टरीत ‘डॉटफाइल्स’ नावाचा फोल्डर असतो आणि तो गिटच्या ताब्यात असतो. स्क्रिप्टमध्ये फाइलींच्या नावांची एक यादी आणि एक लूप असतो. लूपच्या आत एकच कमांड असते: ‘एलएन -एसएफ’. यातला ‘एस’ सिम्बॉलिक लिंक बनवतो. म्हणजे होम डिरेक्टरीत ‘.बॅशआरसी’ हे नाव राहते, पण ते ‘डॉटफाइल्स’मधल्या खऱ्या फाइलीकडे बोट दाखवते. ‘एफ’ सांगतो की त्या जागी आधीची फाइल असेल तर ती काढून टाक.

आधी गुण पाहू, कारण ते खरे आहेत. पहिला गुण म्हणजे खरी प्रत एकच राहते. तुम्ही ‘.व्हिमआरसी’ बदलली की बदल थेट रिपॉझिटरीत होतो, नक्कल करायचे राहून गेले असे होत नाही. दुसरा, गिटमुळे प्रत्येक बदलाचा इतिहास मिळतो आणि काल चालत असलेली सेटिंग परत आणता येते. तिसरा गुण मला शिक्षक म्हणून सर्वांत मोलाचा वाटतो. वेगळे काहीही इन्स्टॉल करावे लागत नाही आणि दहा ओळींची स्क्रिप्ट डोळ्यांनी वाचून पूर्ण समजते. जे चालवतो ते समजणे ही चैन नाही, अभियंत्याचे ते पहिले कर्तव्य आहे.

३. दुसऱ्यांदा चालवल्यावर

आता तीच स्क्रिप्ट पुन्हा चालवा.

यादीत साध्या फाइलीच असतील तर काही बिघडत नाही. जुनी लिंक जाते, तशीच नवी येते. पण यादीत एखादा फोल्डर असेल, उदाहरणार्थ ‘.व्हिम’, तर गंमत होते. पहिल्या वेळी ‘.व्हिम’ ही लिंक तयार झाली. दुसऱ्या वेळी ‘एलएन’ला त्या नावाच्या जागी एक फोल्डर दिसतो, कारण ती लिंक फोल्डरकडे जाते. मग नवी लिंक त्या फोल्डरच्या आत तयार होते. तुमच्या रिपॉझिटरीत ‘व्हिम’च्या आत ‘व्हिम’ नावाची, स्वतःच्याच फोल्डरकडे जाणारी लिंक येते आणि पुढच्या कमिटमध्ये ती सर्व संगणकांवर पसरते. ‘एलएन’ कोणतीही चूक दाखवत नाही. ‘-एन’ हा पर्याय जोडला की हे टळते, पण तो जोडायला हवा हे पहिल्या वेळच्या यशावरून कधीच कळत नाही.

दुसरा दोष: काही जण लिंक न करता ‘.बॅशआरसी’च्या शेवटी आपल्या ओळी जोडतात. स्क्रिप्ट तीनदा चालली तर त्या ओळी तीनदा येतात आणि ‘पाथ’ व्हेरिएबलमध्ये तीच डिरेक्टरी तीन वेळा दिसू लागते.

तिसरा दोष सर्वांत घातक. तो मी स्वतः केला आहे, म्हणून सविस्तर सांगतो.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी माझ्या डॉटफाइलची स्क्रिप्ट लिहिली होती आणि तिचा मला थोडा अभिमान होता. ती आधीची फाइल पुसत नसे. ‘.बॅशआरसी’चे नाव बदलून ‘.बॅशआरसी.बॅकअप’ करी आणि मग लिंक बनवी. एका संध्याकाळी प्रयोगशाळेच्या सामायिक खात्यावर काम करताना सोयीसाठी मी ती चालवली. मध्येच एक फोल्डर नसल्यामुळे ती थांबली. मी तो फोल्डर तयार केला, स्क्रिप्ट पुन्हा चालवली, सगळे ठीक झाले आणि घरी गेलो.

त्या खात्याची होम डिरेक्टरी सर्व्हरवर होती आणि प्रयोगशाळेतले सगळे संगणक तीच वापरत होते. दुसऱ्या दिवशी प्रात्यक्षिक परीक्षा. विद्यार्थी बसले, सिम्युलेशनचा प्रोग्राम सुरू करू लागले, तर प्रत्येक पडद्यावर एकच उत्तर: अशी कमांड सापडत नाही. त्या प्रोग्रामचा पाथ आणि परवाना-सर्व्हरचा पत्ता जुन्या ‘.बॅशआरसी’त होता. मी निश्चिंतपणे बॅकअप उघडला. त्यात माझीच नवी फाइल होती.

काय झाले होते ते पाहा. पहिल्या वेळी खरी फाइल बॅकअपच्या नावाने गेली आणि तिच्या जागी लिंक आली. दुसऱ्या वेळी स्क्रिप्टने त्या लिंकचेच नाव बदलून बॅकअप केले, आणि खरी फाइल त्याखाली नष्ट झाली. बॅकअप घेणाऱ्या ओळीनेच बॅकअप पुसला. आमच्या प्रयोगशाळा सहायकांनी ते आकडे आणि पत्ते आपल्या वहीत पेनने लिहून ठेवले होते, म्हणून तासाभरात काम सुरू झाले. पहिल्या तुकडीची परीक्षा दुपारी घ्यावी लागली. विद्यार्थ्यांना कारण मी सांगितले. ते तास मला आजही आठवतात.

एकदा चालवा किंवा दहादा चालवा, अंतिम स्थिती तीच राहते, या गुणाला संगणकशास्त्रात आयडेम्पोटन्स म्हणतात. परीक्षेसाठी तुम्ही त्याची व्याख्या पाठ करता. पाठांतरापेक्षा तो शब्द अशा प्रसंगातून लवकर कळतो.

४. सगळे संगणक सारखे असतात हे गृहीतक

नेहमीच्या स्क्रिप्टमध्ये एक न लिहिलेले विधान असते: माझे सर्व संगणक एकसारखे आहेत. ते क्वचितच खरे असते.

मॅकओएसवर 2019 च्या कॅटलिना आवृत्तीपासून नव्या खात्याचा शेल झेडएसएच असतो. तो ‘.बॅशआरसी’ वाचतच नाही. तिथे सोबत येणारा बॅश 3.2 आवृत्तीचा असतो, त्यामुळे बॅश 4 मध्ये आलेले असोसिएटिव्ह ॲरे वापरणारी स्क्रिप्ट तिथे अडते. उबुंटूवर 2006 पासून ‘एसएच’ या नावामागे बॅश नसून डॅश हा छोटा शेल आहे. बॅशचा दुहेरी चौकटी कंस वापरलेली स्क्रिप्ट ‘एसएच’ने चालवली तर ती तिथे मोडते.

उबुंटूच्या मूळ ‘.बॅशआरसी’त सुरुवातीलाच एक तपासणी असते: शेल माणसाशी संवाद करणारा नसेल तर इथूनच परत जा. तुम्ही ती फाइल सरसकट बदलली आणि सुरुवातीला स्वागताचा रंगीत संदेश छापला, तर त्या सर्व्हरवर ‘एससीपी’ने फाइल पाठवणे बिघडू शकते, कारण तो संदेश फाइलीच्या देवाणघेवाणीत मध्येच घुसतो. चूक एससीपीत शोधण्यात मग तास जातात.

मराठीत काम करणाऱ्यांसाठी आणखी एक उदाहरण. लॅपटॉपवर तुम्ही लोकेल ‘एमआर-आयएन, यूटीएफ-8’ ठेवले. डेबियन आणि उबुंटूचा एसएसएच क्लायंट ही सेटिंग सर्व्हरकडेही पाठवतो. सर्व्हरवर ते लोकेल तयार केलेले नसेल, तर पर्लमध्ये लिहिलेली प्रत्येक कमांड आधी तक्रारीच्या काही ओळी छापते. सेटिंग चुकीची नाही, त्या सर्व्हरसाठी ती चुकीची आहे.

म्हणून फाइलीचे दोन भाग करा. समान भाग रिपॉझिटरीत ठेवा आणि त्याच्या शेवटी एक अट लिहा: ‘.बॅशआरसी.लोकल’ नावाची फाइल असेल तर ती वाच. त्या संगणकापुरते जे आहे ते या स्थानिक फाइलीत जाते आणि ती रिपॉझिटरीत येत नाही. गिटमध्येही ‘इन्क्लूड’ने असेच करता येते. नमूद केलेली फाइल नसेल तर गिट ती मुकाट्याने सोडून देतो. सामायिक खात्यावर याचे महत्त्व अधिक आहे. तिथे तुमची ‘.गिटकॉन्फिग’ बसली, तर इतरांच्या कमिटवर तुमचे नाव लागते. दुसऱ्याच्या कामावर आपले नाव येणे हा केवळ तांत्रिक दोष उरत नाही.

५. गुपिते

एसएसएचची खासगी किल्ली, पासवर्ड, सेवांचे टोकन यांपैकी काहीही डॉटफाइलच्या रिपॉझिटरीत ठेवू नका, ती रिपॉझिटरी खासगी असली तरी. चुकून कमिट झालेली फाइल पुढच्या कमिटमध्ये काढली तरी इतिहासात राहते. रिपॉझिटरी एकदा सार्वजनिक झाली असेल तर ती किल्ली रद्द करून नवी बनवणे एवढाच भरवशाचा मार्ग.

खरे तर किल्ली संगणकांमध्ये वाटून घ्यायचीच नसते. प्रत्येक संगणकावर वेगळी किल्ली बनवा. लॅपटॉप हरवला तर सर्व्हरवरच्या यादीतून फक्त त्याची सार्वजनिक किल्ली काढावी लागते, बाकीचे संगणक चालू राहतात. सगळे काही स्क्रिप्टने व्हावे हा हट्ट इथे सोडायला हवा.

६. इतर मार्ग

स्वतःच्या स्क्रिप्टला तीन पर्याय विशेष प्रसिद्ध आहेत. त्यांनाही तीच कसोटी लावू.

पहिला, गिटची ‘बेअर’ रिपॉझिटरी. यात गिटचा साठा एका वेगळ्या फोल्डरात राहतो आणि होम डिरेक्टरी हीच कामाची जागा मानली जाते. लिंक लागत नाहीत. नव्या संगणकावर चेकआउट करताना आधीची फाइल आड आली, तर गिट थांबतो आणि कोणत्या फाइली पुसल्या जातील त्यांची यादी देतो. आपल्या नेहमीच्या स्क्रिप्टपेक्षा हे वागणे सभ्य आहे. धोका एकच पण मोठा: सवयीने ‘गिट ॲड’च्या पुढे टिंब दिले, की किल्ल्यांसह पूर्ण होम डिरेक्टरी कमिटच्या वाटेवर येते.

दुसरा, जीएनयू स्टो. पर्लमध्ये लिहिलेला हा प्रोग्राम मुळात वेगवेगळी सॉफ्टवेअर पॅकेजे एकाच डिरेक्टरीत नीट मांडण्यासाठी होता. डॉटफाइलसाठी लोकांनी तो नंतर वापरात आणला. लिंक बनवण्याआधी तो सर्व अडथळे तपासतो आणि एकही आढळला तर काहीच बदलत नाही. दुसऱ्यांदा चालवल्यावर काही बिघडत नाही. उणीव अशी की संगणकागणिक फाइलीतला मजकूर बदलण्याची सोय त्यात नाही.

तिसरा, शेम्वा. गो भाषेत लिहिलेला हा प्रोग्राम एकाच फाइलीत येतो. फ्रेंच भाषेत या नावाचा अर्थ ‘माझ्या घरी’ असा होतो. तो सहसा लिंक न करता खरी फाइल लिहितो. साच्याच्या मदतीने प्रत्येक संगणकासाठी वेगळा मजकूर तयार करतो, पासवर्ड मॅनेजरमधून गुपिते घेऊ शकतो आणि बदल करण्यापूर्वी नेमका फरक दाखवतो. तीन-चार भिन्न प्रकारचे संगणक असतील तर हा मार्ग योग्य. मात्र साच्यांची भाषा शिकावी लागते, आणि दोन फाइली व एक लॅपटॉप असलेल्या विद्यार्थ्याला हे ओझे वाटेल.

लिंकच्या सर्वच पद्धतींची एक उणीव लक्षात असू द्या. काही प्रोग्राम सेव्ह करताना नवी फाइल लिहून ती जुन्या नावावर आणतात. तेव्हा लिंक जाऊन तिथे साधी फाइल येते, आणि रिपॉझिटरीशी असलेला संबंध कोणतीही सूचना न देता तुटतो.

७. निष्कर्ष

माझे मत असे. पहिली स्क्रिप्ट स्वतःच लिहा, तयार साधन नंतर घ्या. पण ती लिहिताना प्रत्येक फाइलीसाठी तीन शक्यता वेगळ्या हाताळा. त्या जागी काहीच नसेल तर लिंक बनवा. आपलीच लिंक आधीपासून असेल तर काहीही करू नका. दुसरे काही असेल तर हात लावू नका, नाव छापा आणि पुढे जा. तिसऱ्या शक्यतेत बॅकअप घ्यायचाच असेल, तर त्याच्या नावात तारीख आणि वेळ घाला, म्हणजे एक बॅकअप दुसऱ्याला पुसणार नाही. प्रत्यक्ष बदल न करता काय होईल एवढेच सांगणारा एक पर्यायही ठेवा.

व्हेरिएबल नेहमी अवतरणचिन्हांत लिहा आणि पुसण्याची कमांड देण्यापूर्वी ते रिकामे नाही याची खात्री करा. जानेवारी 2015 मध्ये लिनक्सवरील स्टीम या खेळांच्या सॉफ्टवेअरच्या स्क्रिप्टमधला असाच दोष गाजला. आपला फोल्डर दुसरीकडे हलवून त्या जागी लिंक ठेवलेल्या एका वापरकर्त्याकडे डिरेक्टरीचे व्हेरिएबल रिकामे निघाले, आणि पुसण्याची कमांड थेट मूळ डिरेक्टरीपासून सुरू झाली. त्याच्या सगळ्या फाइली गेल्या. त्या ओळीच्या वर ‘भीतिदायक’ अशा अर्थाची टीप लिहिणाऱ्याने स्वतःच घातली होती. धोका दिसला होता, तपासणी घातली नव्हती. ‘सेट -यू’ अशा वेळी पुरत नाही, कारण ते व्हेरिएबल ठरवलेलेच नसेल तेव्हाच थांबवते. रिकामेपणासाठी नावानंतर ‘:?’ ही खूण वापरावी लागते.

सामायिक खात्यावर तर ही स्क्रिप्ट चालवूच नका. तिथली डॉटफाइल तुमची नसते. कुणीतरी, कधीतरी, इतर सर्वांचे काम चालावे म्हणून तिच्यात चार ओळी लिहिलेल्या असतात.

स्वाध्याय

१. चाचणीसाठी नवे वापरकर्ता-खाते तयार करा. आपली स्क्रिप्ट तिथे सलग दोनदा चालवा आणि प्रत्येक वेळी ‘एलएस -एलए’चा परिणाम एका फाइलीत साठवा. दोन्ही फाइलींतील फरक ‘डिफ’ने काढा आणि प्रत्येक फरकाचे कारण लिहा.

२. स्क्रिप्टच्या मध्यावर मुद्दाम चूक घालून ती थांबवा, चूक काढा आणि पुन्हा चालवा. सुरुवातीची मूळ फाइल अजून कुठे शिल्लक आहे का, ते दाखवा.

३. तुमच्या ‘.बॅशआरसी’तील प्रत्येक ओळीपुढे ‘सर्वत्र’ किंवा ‘फक्त इथे’ असे लिहा. जिथे ठरवता आले नाही, ती ओळ कुणी आणि का लिहिली याचा शोध घ्या.